सपाटीवरचं माहेर

आमच्या फटफटीला सगळं चालायचं. सपाट जमीन तेवढी चालायची नाही.

लढाई संपली आणि आमचे मालक माणातल्या आमच्या गावी परत आले, तेव्हाची ही गोष्ट. लढाईत हे खेचरांच्या पलटणीत होते. खेचरांना खरारा करायचा, दाणा घालायचा, पाठीवर ओझी लादायची आणि त्यांच्याबरोबर डोंगर चढायचे, हे काम ह्यांनी पाच वर्षं केलं. त्या तांड्याच्या शेजारून साहेबांच्या चिठ्ठ्या घेऊन फटफटीवाले सुसाट जात. ते गेले की मागं धुरळा राहायचा. पाच वर्षं तो धुरळा खाऊन ह्यांच्या मनात एकच गोष्ट पक्की बसली होती. घरी सगळ्यांना वाटलं, पलटण सुटली, आता बैलजोडी घेतील. ह्यांनी पुण्याला लष्कराच्या टाकाऊ सामानाचा लिलाव गाठला आणि फटफटी आणली.

मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा हे तिला ढकलत आणत होते. दहिवडीपर्यंत ती आपल्या पायांनी आली आणि आमच्या वेशीच्या अलीकडे, जिथं रस्ता सपाट होतो, तिथं गप्प झाली. गावाला ते ठाऊक नव्हतं. गावाला वाटलं, पहिल्यांदा घरी येते म्हणून मानानं हळूहळू आणताहेत. माझ्या सासूबाईंनी, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि चाकांवर तांब्याभर पाणी ओतलं. त्यातलं थोडं इंजिनावरही गेलं. त्यानंतर तीन दिवस तिनं हूं की चूं केलं नाही.

तिला चालू करायला उजव्या पायाशी एक लोखंडी दांडा होता. तो पायानं जोरात खाली मारायचा. ती चालू व्हायच्या ऐवजी तो दांडा उलटा वर यायचा आणि ह्यांच्या नडगीवर बसायचा. पहिल्या महिन्यात ह्यांची उजवी नडगी काळीनिळी झाली होती. आत्याबाई हळदीचा लेप लावायच्या आणि विचारायच्या, "लढाईत तरी लागलं व्हतं का रं एवढं?"

"खेचर बरं व्हतं," हे म्हणायचे. "त्ये लाथ मारायच्या आधी कान मागं घेतंय. हिला कानच न्हाईत, तर कळायचं कसं?"

गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. त्यात गाडीची चित्रं होती आणि चित्रातल्या प्रत्येक भागाला बाण काढून आकडा दिला होता. मी चौथी शिकलेले. अक्षरं मला कळली नाहीत, पण हळूहळू आकडे लावून पाहिले. दीडशेच्या वर भाग निघाले. त्यातला कुठला बिघडला आहे हे चित्रावरून समजत नव्हतं. चित्रात सगळेच चांगले दिसत होते.

मग एक दिवस गावाच्या वरच्या अंगाला जे टेकाड आहे, तिथून खाली येताना ती आपणहून चालू झाली. हे तिला नुसती गडगडत आणत होते. गिअर अडकला, डाव्या हाताची मूठ सुटली आणि ती फट्‌फट् करत धावत सुटली. तेव्हापासून तिचं गुपित कळलं. लाथ मारून ती ऐकायची नाही. उतारावर सोडली की वीस-बावीस पावलांत शहाण्यासारखी चालू व्हायची. थंड असो, गरम असो, उतार हवा. का, ते शेवटपर्यंत कोणाला समजलं नाही. पुस्तकात ह्या भागाला आकडा नसावा.

त्या दिवसापासून फटफटी दारात आली नाही. ती टेकाडावर, लिंबाच्या झाडाखाली राहायला गेली. तिला उभी करायचा जो लोखंडी पाय होता तो मातीत रुतायचा आणि ती आडवी व्हायची, म्हणून हे त्या पायाखाली एक चपटा दगड ठेवत. तो दगड ह्यांनी कायमचा गाडीच्या चामड्याच्या पिशवीत घातला. त्या पिशवीत लढाईत साहेबांच्या चिठ्ठ्या असायच्या. शिवाय ती उतारावरून निसटू नये म्हणून तिला दाव्यानं लिंबाला बांधलेली असे. हे सकाळी टेकाडावर जात, दावं सोडत आणि तिच्या मानेवरून हात फिरवत. खेचरांची सवय, दुसरं काय.

ती रात्रंदिवस तेल गाळायची. आत्याबाईंनी तिच्या पोटाखाली फुटक्या घागरीचं बूड ठेवलं. त्यात जमलेलं काळं तेल त्या गाड्याच्या आसाला घालत. आमचा गाडा लग्नापासून मी कुरकुरतानाच ऐकला होता, तो गप्प झाला. फटफटीचा घराला झालेला उपयोग म्हणाल तर तो हा.

दिव्यावर लढाईतली काळी पत्र्याची टोपी होती, शत्रूला वरून उजेड दिसू नये म्हणून. टोपी इतकी घट्ट बसली होती की निघेना. उजेड पडायचा तो पुढच्या चाकावर. शत्रूला आम्ही दिसत नव्हतो आणि आम्हाला रस्ता. म्हणून दिवस मावळायच्या आत कुठंतरी मुक्कामाला पोचावंच लागायचं, आणि तेही उतार असलेल्या ठिकाणी.

माझ्या बसण्याचं काय, हे गाडी करणाऱ्यांनी मनातच आणलेलं नव्हतं. मागं एक लोखंडी जाळी होती, सामान बांधायची. तिच्यावर घोंगडीच्या चार घड्या घालून मी एका अंगाला पाय सोडून बसायची. त्याच अंगाला धुराची नळी होती. पहिल्याच दिवशी पोटरी भाजली. हे म्हणाले, "पाय उचलून धर." मी मैलच्या मैल पाय उचलून धरायला शिकले. वण अजून आहे.

गावात, वडीलधाऱ्यांच्या समोर, नवऱ्याच्या मागं असं चिकटून बसायचं म्हणजे मला मेल्यासारखं व्हायचं. बरं, गाडी चालू व्हायची ती टेकाडावरून, आणि टेकाड म्हणजे चावडीच्या बरोबर वर. आम्ही निघालो की चावडीवरची माणसं धोतर सावरत ढकलायला यायची. मी पदर तोंडापर्यंत ओढून बसलेली आणि माझ्या मागं आठ-दहा पुरुष.

"वहिनी बसल्यात रं, मायेनं ढकला!"

"मायेनं ढकलून चालू व्हईल व्हय? गाडीला ढकलतूयास का आजारी आज्याला?"

"आवं, दगूड घेतला का? मागल्या खेपंला हितंच ऱ्हायला व्हता."

मी डोळे मिटून घ्यायची. खाली गेल्यावर ती चालू झाली की एकदम हिसका बसायचा आणि मला जाळीला घट्ट धरावं लागायचं.

एकदा चालू झाली की हे तिला थांबवत नसत. थांबली तर परत उतार शोधा. मायणीच्या अलीकडे माझी एक वहाण पायातून गळून पडली. मी पाठीवर बोट टोचून सांगितलं. हे न वळता ओरडले, "म्होरं चढ हाय, तितं सांग!" चढाच्या माथ्यावर गाडी थांबली तेव्हा वहाण दोन मैल मागं होती. उरलेली एक मी बरेच दिवस जपून ठेवली. कशासाठी ते आता आठवत नाही.

अशा रीतीनं आमचे सोयरे दोन प्रकारचे झाले, उताराचे आणि सपाटीचे. उताराच्या सोयऱ्यांकडे आम्ही वारंवार जाऊ लागलो. ह्यांच्या एका चुलत मेव्हण्याशी ह्यांचं लढाईच्या आधीपासून बोलणं नव्हतं, पण त्याचं घर डोंगराच्या कडेला होतं. त्याच्याशी दोन महिन्यांत गोडी झाली. उलट ह्यांचे सख्खे मामा माळावर राहायचे, ते रुसले. लग्नाचं आवतण घेऊन कोणी आलं की हे आधी विचारायचे, "मांडव वर घातलाय का खाली?" आवतण देणाऱ्याला वाटायचं, मानपानाचं विचारताहेत.

माझं माहेर सांगलीच्या पलीकडे, कृष्णेच्या काठच्या काळ्या रानात. तिथली जमीन थापलेल्या भाकरीसारखी. पाणी सांडलं तर कुठल्या बाजूला जावं हे त्या पाण्यालाही सुचत नाही. फटफटी आल्यापासून मी माहेरी गेले नव्हते.

तो माघ महिना असावा. भावाचं कार्ड आलं. घरात कार्ड वाचणारी मीच. हे पलटणीत रोमन अक्षरांतली हिंदुस्थानी शिकून आले होते आणि मराठी वाचताना त्यांना दम लागायचा. चुलीपुढं बसून मी वाचलं. आईचे डोळे चालले होते. माणूस आवाजावरून ओळखते, तोंड नीट दिसत नाही, आणि रोज विचारते की लेक कधी येणार. शेवटी भावानं आईचंच बोलणं जसंच्या तसं लिहिलं होतं: डोळं हायती तवर तोंड दावून जा म्हनावं.

आत्याबाईंना मी ते वाचून दाखवलं. त्या लगेच म्हणाल्या, "जा की पोरी. उद्याच जा."

ह्यांनीही कबूल केलं. "जाऊ या की. मीच न्हेतो फटफटीवरनं." मग जेवता जेवता त्यांचा हात थांबला. "पर तितं उतार कुटं हाय?"

"मग सर्विस मोटारनं जाऊ दे की तिला," आत्याबाई म्हणाल्या. लढाईच्या टंचाईत दहिवडीवरून जाणाऱ्या त्या मोटारी कोळशाच्या धुरावर चालायच्या, आताही चालत होत्या. हळू, पण जायच्या.

"दारात गाडी असून बायकू सर्विस मोटारनं गेली, तर लोकं काय म्हनतील? गाडी मोडली म्हनतील."

"मोडल्यालीच हाय की."

"मोडल्याली न्हाई. तिला उतार लागतोय."

असं ते ठरलं. म्हणजे काहीच ठरलं नाही. गाडी घेतली नसती तर मी तिसऱ्या दिवशी माहेरी पोचले असते. गाडी होती म्हणून महिना गेला. दुसरं कार्ड आलं. त्यात भावानं एवढंच लिहिलं होतं की आई आता त्याच्या पोराला दादा म्हणून हाक मारते आणि त्याला पोराच्या नावानं.

मी ह्यांच्यासमोर, घरातल्या माणसांत, तोंड उघडून बोलणारी नव्हते. माझं जे काही सांगायचं ते मी आत्याबाईंना सांगायची आणि हे शेजारी बसून ऐकायचे. रात्रंदिवस माझ्या डोळ्यांपुढं माहेरची जमीन होती. कुठं उंचवटा, कुठं बांध, कुठं नदीची दरड. दरड सरळ पाण्यात जाणारी. आणि एक दिवस आमच्या विहिरीवर मोट चाललेली बघताना मला सुचलं.

मोटेच्या विहिरीला धाव असते. विहिरीच्या काठापासून लांबवर उतरत गेलेली वाट. बैल काठापासून त्या उतारानं खाली जातात तेव्हा पाण्यानं भरलेली मोट वर येते. मोट रिकामी झाली की बैल तसेच पाठमोरे, मागं मागं सरत काठाशी परत येतात. जगातली सगळी जमीन सपाट असली तरी विहिरीला उतार हा असतोच.

त्या संध्याकाळी वाढता वाढता मी म्हटलं, "आत्याबाई, आमच्या मळ्यातल्या हिरीला धाव हाय."

आत्याबाईंना काही कळलं नाही. "आसंल की. हिरीला धाव आसतीयाच."

ह्यांचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच हे फटफटी घेऊन आमच्या विहिरीवर गेले. बैल सोडले, गाडी धावेच्या वरच्या टोकाला नेली, दगडावर उभी केली, बसले आणि सोडली. निम्म्या धावेतच ती चालू झाली आणि बांधावरून उडून हरभऱ्यात गेली. हे घरी आले ते हसतच. "बायकूला अक्कल हाय," हे आत्याबाईंना म्हणाले, "धाव चांगली चाळीस पावलं हाय. निम्मी बी लागली न्हाई."

तेव्हाच मला बोलता आलं असतं. माणातल्या विहिरी खोल, पाणी तळाशी. जेवढी विहीर खोल तेवढी धाव लांब. माझ्या माहेरी नदी शेजारी, पाणी वर. आमच्या मळ्यातली धाव मी लहानपणी भाकरी घेऊन जाताना रोज उतरत होते. ती किती पावलांची हे मला चांगलं ठाऊक होतं. हे जावई म्हणून माहेरी दोनदा-तीनदा गेले असतील, बाजेवरून उठून विहिरीवर कशाला जातील? त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मी भाकरी थापत होते, मला कोणी विचारलं नाही.

ह्यांनी बेत केला. आज जायचं, रात्री मुक्काम, सकाळी धावेवरून परत. ज्वारीची काढणी जवळ आली होती. एका रात्रीच्या वर जमणार नाही, असं मला दोनदा बजावलं.

मायणी, विटा, तासगाव असं करत आम्ही गेलो. दोन चढांच्या माथ्यावर थांबलो. पोटरी धरून मी वाटभर एकच विचार करत होते, की पोचेपर्यंत ही बंद पडू नये, आणि पोचल्यावर पडेल तेव्हा हे काय म्हणतील. सांगलीत हे चौकात सुद्धा थांबले नाहीत. एक म्हैस आडवी आली तर तिच्याभोवती फेरा घातला.

माहेरच्या अंगणात गाडी येऊन गप्प झाली तेव्हा दिवस कलला होता. आई दारात उभी होती. आवाजाकडे तोंड होतं तिचं, माझ्याकडे नव्हतं. मी उतरून पाया पडले. तिनं माझा खांदा चाचपला.

"आलीस व्हय," ती म्हणाली. "बस. तोंड उद्या बगू. आता न्हाई दिसायचं. मला सकाळचं घडीभर दिसतंय, ऊन व्हायच्या आदी. ऊन झालं की सगळं पांढरं."

भावानं आणि गड्यांनी गाडी ढकलत मळ्यात नेली आणि विहिरीच्या काठाशी, धावेच्या वरच्या टोकाला ठेवली. हे अंधारात तिथपर्यंत गेले नाहीत. थकले होते.

सकाळी दिवस उगवायच्या आधी आईनं मला ओसरीच्या कडेला बसवलं आणि माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं. अगदी जवळ आली. तिचा श्वास माझ्या गालाला लागत होता. किती तरी वेळ बघून म्हणाली, "डोळं दिसलं. खोल गेल्यात. खाया घालीत न्हाईत व्हय?" मग ऊन ओसरीवर आलं आणि तिनं माझी हनुवटी सोडली. "ऱ्हायलं. बाकीचं उद्या."

उद्या नव्हतं. न्याहारी झाली आणि आम्ही मळ्यात गेलो. आईही काठी टेकत आली आणि झाडाखाली बसली. हे धावेच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. त्यांनी खाली बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग पावलं टाकत धाव उतरले. चौदा.

"दाजी, काय झालं?" भावानं विचारलं.

"आखूड हाय."

"पानी वर हाय न्हवं. लांब कशाला पायजे?"

ह्यांनी तरी गाडी सोडली. चौदा पावलं ती गडगडली, एकदा खोकली, आणि उसात जाऊन उभी राहिली. परत काठाशी आणली. परत उसात. चौथ्या खेपेला भावाला राहवलं नाही. "दाजी, बैल लावू या. नाडा बांदतो. बैल वढतील, मंग पळंल की."

मोटेचा जाड नाडा गाडीच्या पुढच्या दांड्याला बांधला. बैल जुपले. भाऊ सवयीनं नाड्यावर बसायला गेला, मोट हाकताना बसतात तसा, आणि ह्यांनी त्याला ओरडून उठवलं. बैल निघाले. मोटेचे बैल ते. धावेच्या शेवटापर्यंत झपझप गेले, आणि तिथं, मोट रिकामी व्हायच्या जागी, थांबले. गाडी नुकती फट्‌ म्हणाली होती. बैलांनी जरा वाट पाहिली आणि मागं मागं सरायला लागले. रोजचंच काम. हे गाडीवर बसलेले, पुढून दोन बैलांची ढुंगणं अंगावर येताहेत.

"आरं हाक त्यांस्नी म्होरं!"

"आवं दाजी, हितं म्होरं न्हाईच! इतकं दिस मीच शिकवलंय, हितनं मागं फिरायचं म्हनून!"

"मंग आता शिकीव, म्होरं जा म्हनून!"

"आता? आता कसं शिकवू?"

गाडी मागं रेटली जाऊन हे विहिरीच्या काठाशी आले तसे भावाच्या गड्यानं मागून चाकाला मिठी मारली. बैल थांबले. काठाशी आल्यावर त्यांना पुन्हा खाली जायचं असतं हे ठाऊक होतं, ते पुन्हा निघाले. अशा सहा फेऱ्या झाल्या. मोट असती तर ऊस भिजून निघाला असता. मी पदर तोंडात धरून झाडाखाली उभी होते. आईला दिसत नव्हतं, ती विचारत होती, "आता कुटं हाय?"

"खाली."

"आता?"

"वर."

"जावयबापू," आई मोठ्यानं म्हणाली, "गाडीला घाई न्हाई, तुमाला कशापायी?"

त्यानंतर गाडीला दोन मैलांवरच्या सडकेवर नेऊन ढकलून पाहिलं. सडक पाटासारखी सपाट. चार माणसं दमून कडेला बसली. मग सांगलीहून एक मिस्त्री आणला. शिवणयंत्रं आणि फोनोग्राफ दुरुस्त करणारे म्हातारे मुसलमान मिस्त्री होते, हात फार हलका. त्यांनी दोन दिवस बसून गाडी खोलली, प्रत्येक तुकडा रॉकेलनं धुतला, पंचावर मांडला, परत बसवला. हे शेजारी पुस्तक उघडून आकडे मोजत होते. शेवटी मिस्त्री हात पुसत म्हणाले, "सगळं साफ हाय. लष्करातली हाय ना ही? साहेबानं हुकूम दिल्याबगैर चालायची न्हाई." आणि चहा पिऊन गेले.

राहता राहिला बैलगाडीत घालून नेण्याचा उपाय. पण ते गुऱ्हाळाचे दिवस, गाडा ऊस वाहण्यात गुंतलेला. हे गाडीला सोडून जायला तयार नव्हते. त्यांनी भावाबरोबर ऊस तोडला, गुऱ्हाळावर चुलवणात जाळ घातला. ज्वारीची काढणी आत्याबाईंनी आणि मामंजींनी माणसं लावून उरकली असं मागून कळलं. आम्ही अकरा दिवस राहिलो.

अकरा सकाळी आईनं मला ओसरीच्या कडेला बसवलं. तिला एका वेळी थोडंच दिसायचं, जेवढ्यावर नजर रोखेल तेवढं; ते नीट दिसेपर्यंत ऊन यायचं. एका दिवशी कपाळ आणि त्यावरचा लहानपणी उंबऱ्यावर पडल्याचा वण. एका दिवशी नाक. एक सकाळ नुसता डावा कान बघण्यात गेली, त्यातलं कुडं तिनं दिलेलं होतं. काही दिसलं की ती मान हलवायची, जणू पोत्यात काही नीट भरलं जातंय. एका मुक्कामात हे झालं नसतं. मला हे आधी ठाऊक नव्हतं. मला फक्त धाव आखूड आहे एवढं ठाऊक होतं.

बाराव्या दिवशी गाडा अचानक मोकळा झाला. भाऊ पहाटेच बैल जुपून आला. "चला दाजी, आता न्हाई तर परत उसाला जायाचा." माणसांनी फटफटी उचलून गाड्यात आडवी घातली, कडब्यावर. धावपळ झाली. आईनं मला ओसरीवर हाक मारली, मी जाऊन बसले, तिनं हनुवटी धरली आणि बाहेरून हे ओरडले. मी उठले.

गाडा तासगावच्या पुढं, जमीन उठायला लागते तिथपर्यंत जाणार होता. भाऊ पुढं बसला होता. मी आणि हे मागं, मधे फटफटी. तिच्यातून कडब्यावर तेल गळत होतं. बऱ्याच वेळानं ह्यांनी हळूच विचारलं, "धाव आखूड हाय, तुला ठावं व्हतं न्हवं?"

मी खाली बघत म्हटलं, "तुमी इच्यारलं न्हाई."

पुढं भावानं बैलांना हाकारलं. मला वाटलं, आता रागावतील. ह्यांनी पिशवीतून तो चपटा दगड काढला, हातात फिरवून बघितला आणि रस्त्याच्या कडेला टाकून दिला. मग म्हणाले, "फुडल्या वक्ताला सर्विस मोटारनं जा. लोकांस्नी काय म्हनायचं त्ये म्हनू द्यात."

चढाच्या माथ्यावर फटफटी खाली घेतली, उतारावर सोडली, आणि ती पंधराव्या पावलाला चालू झाली. मला बसता आलं नाही, आणि ह्यांना थांबता आलं नाही. हे पुढच्या चढाच्या माथ्यावर माझी वाट बघत उभे राहिले. आम्ही गाड्यातून तिथवर पोचलो तेव्हा गाडी हातानं सावरून हे घामाघूम झाले होते. दगड नव्हता ना.

पुढच्या वर्षी मी सर्विस मोटारनं माहेरी गेले. ह्यांनीच दहिवडीला आणून बसवलं. आईला तोवर काही दिसेनासं झालं होतं, सकाळीही नाही. मी पाया पडले तशी तिनं मला ओसरीच्या कडेला, नेहमीच्या जागी बसवलं आणि तोंडावरून हात फिरवला. कपाळावरच्या वणावर तिचं बोट थांबलं.

"ह्यो मी बगितलाय," ती म्हणाली. "बैल उलटं आल्यालं, त्याच्या दुसऱ्या दिशी."

बोट नाकावर आलं. "ह्ये मिस्त्री आला व्हता तवा."

कान चाचपून झाला. गाल झाले. मग हात हनुवटीवर येऊन थांबला आणि तिथंच फिरत राहिला.

"ही?" तिनं विचारलं.

"गाडी गाड्यात घातली, त्या सकाळचं," मी म्हटलं.

"व्हय," आई म्हणाली. "त्या दिशी घाई झाली. आनी एक दिस बंद पडाय पायजे व्हती ती."